रस्त्यात उभं राहिल्याचं तिकीट

माझ्या मुलाच्या, प्रतापच्या धाकट्या मुलीचं जावळ काढलं, ते वर्ष. तिच्या डोक्यावर पुन्हा धड केसही आले नव्हते. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी मी न्यू जर्सीच्या घरात, स्वयंपाकघरात हात पुढं करून उभी होते.

"नेत्रा, दही घाल गं हातावर. निघायची वेळ झाली."

माझी सून ओट्याकडं तोंड करून उभी होती. वळली नाही. "दही लागलंच नाही आई. दूध गार होतं बहुतेक."

"मग नुसती साखर दे."

"साखर…" ती म्हणाली आणि कपाटातले डबे इकडचे तिकडं करत राहिली. मग म्हणाली, "बाळ उठलं वाटतं," आणि आत निघून गेली. मला तर काही बाळाचा आवाज आला नव्हता.

देव्हाऱ्यात दिवाही नव्हता. नेत्रा तशी टापटिपीची; अंघोळ झाली की आधी दिवा, मग चहा. मीच काड्यापेटी घेतली. एवढ्यात प्रताप जिन्यावरून खाली आला आणि त्यानं काड्यापेटी माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे आई. उशीर होतोय."

"अरे, एक काडी ओढायला कितीसा वेळ लागतो?"

"राहू दे म्हटलं ना."

एवढा कधी तो माझ्यावर खेकसत नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळे लाल होते. म्हटलं, झोप झाली नसेल. परीक्षा माझी आणि जागरण याला.

परीक्षाच होती ती. अमेरिकेची नागरिक व्हायला मी अर्ज केला होता आणि त्या दिवशी सकाळी दहाला सरकारी कचेरीत माझी मुलाखत होती. लोकांना वाटायचं, म्हातारीला या वयात परदेशी व्हायची हौस आली. मला हौस नव्हती. वारणेकाठी माझ्या माहेरच्या गावात माझी आय अंथरुणाला खिळली होती. धाकटा भाऊ तातोबा आणि त्याची बायको तिचं सगळं करत होते, पण आय रोज माझं नाव घ्यायची. माझ्याकडं हिरवं कार्ड होतं, म्हणजे इथं राहायची परवानगी. पण ते कार्ड असणाऱ्यानं फार दिवस देशाबाहेर राहिलं की कार्डच धोक्यात येतं. महिनाभरासाठी मी जाऊन यायची. पण महिनाभर पाहुणी म्हणून जाणं वेगळं आणि शेवटपर्यंत उशाशी बसणं वेगळं. नागरिक झाले की किती का दिवस राहीना, परत पोराकडं यायला कुणी अडवणार नव्हतं. म्हणजे मला घरी जाता यावं म्हणून मी परकी व्हायला निघाले होते.

आयला यातलं इतकंच कळायचं, की लेकीचा कसला तरी कागद व्हायचाय. चार दिवसांपूर्वी होळीला फोन केला तर म्हणाली, "आक्के, कागूद झाला का गं?"

"मंगळवारी हाय बघ. झाला की येतेच."

"यी. पण पुरणाची पोळी खायाला न्हवं, मला धुवाया-पुसाया यी. तुझ्या भावजयीचा हात लई जड हाय. घासती का खरवडती, कळत न्हाई." आणि तिकडून भावजय ओरडली, "ऐकू येतंय बरं मला, आत्याबाई!" आणि दोघी हसल्या. खोकला आला म्हणून तातोबानं फोन घेतला.

गाडीपाशी आलो तर प्रतापनं किल्ली माझ्यापुढं धरली.

"तू चालव."

मी बघतच राहिले. मी गाडी चालवायला लागून सहा-सात वर्षं झाली होती. थोरल्या नातवंडाला शाळेत सोडायचं, भाजी आणायची, सगळं मीच करायची. पण प्रताप शेजारी असला की कधी चाक माझ्या हातात द्यायचा नाही. म्हणायचा, "तू उसाची बैलगाडी हाकल्यासारखी चालवतेस." खोटं नव्हतं ते. सासरी मी उसाच्या गाड्या हाकलेल्याच होत्या.

"का रे? आज आईवर एवढा विश्वास?"

"डोकं दुखतंय. चालव तू."

म्हणून मी चाकामागं बसले. तो शेजारी बसला, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन.

मला अक्षरओळख झाली ती पन्नाशी उलटल्यावर. मराठी अक्षरं नेत्रानं शिकवली, कणीक मळता मळता. इंग्रजी मात्र मला रस्त्यानं शिकवलं. गाडीचा परवाना काढायचा म्हणजे पाट्या वाचता यायला हव्यात. मी पहिल्यांदा वाचलेला इंग्रजी शब्द म्हणजे लाल पाटीवरचा 'थांबा'. आणि मजा अशी, की त्याच पाटीनं मला पहिलं तिकीट दिलं. दोन वर्षांपूर्वी त्या पाटीपाशी मी गाडी हळू केली, पण पुरती थांबवली नाही. पोलिसानं धरलं. दंड भरला, पावती घेतली. नागरिकत्वाच्या अर्जात विचारतात, पोलिसांनी कधी पकडलं का, कधी दंडाचं तिकीट दिलं का. प्रतापनं ते एक तिकीट अर्जात नीट लिहिलं होतं. म्हणाला होता, "असल्या बारीक तिकिटानं काही बिघडत नाही. लपवलं तर बिघडतं."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, "विचार की प्रश्न. उजळणी होऊ दे."

तो पोपटासारखा विचारत गेला. त्याचं लक्ष नव्हतं.

"पोलिसांनी कधी अटक केली?"

"नाही."

"तिकीट?"

"हो. एक. पाटीपाशी गाडी पुरती थांबली नाही म्हणून. तो पोलीस झाडामागं लपून—"

"'म्हणून' नको, झाड नको. एक, दंड भरला, ही पावती. एवढंच."

"बरं बाबा. एक."

त्याचा फोन थरथरला. त्यानं बघितला आणि पालथा करून मांडीखाली ठेवला.

"कुणाचा रे?"

"ऑफिसचा."

"तातोबाला लावून दे ना. आयशी दोन शब्द बोलते, आशीर्वाद घेते आणि मग आत जाते."

"आता नको."

"का? तिकडं सांज होत असंल. आय जागीच असते."

"आई, समोर बघ. ट्रक आहे."

ट्रक बराच लांब होता. पण मी समोर बघितलं. मलाही धाकधूक होतीच. एक वाक्य वाचून दाखवायचं, एक लिहून दाखवायचं. लिहिताना माझी अक्षरं अजून नांगराच्या तासासारखी तिरपी जायची.

कचेरीचं गाव जवळ आलं तसा रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना दुकानं. आणि समोरून, पलीकडच्या बाजूनं, एक लांबलचक काळी गाडी आली. हळूहळू. तिच्यामागं आणखी गाड्या, भर सकाळी सगळ्यांचे दिवे लावलेले, आणि प्रत्येकीच्या टपावर एक छोटा झेंडा फडफडत होता. पुढं फटफटीवर पोलीस. मी हे आधी एकदा बघितलं होतं आणि नेत्रानं सांगितलं होतं, ही इथली प्रेतयात्रा.

मी गाडी थांबवली.

आमच्याकडं वाटेत मढं दिसलं की पुढं जात नाहीत. थांबायचं, पायातलं काढायचं, हात जोडायचे. मेलेल्याला वाट द्यायची. कामाला निघालेल्या माणसाला प्रेत भेटलं तर तो शकुन चांगला मानतात, काम होतं म्हणतात. ते तर होतंच माझ्या मनात. पण खरं सांगायचं तर माझा पाय आपोआपच ब्रेकवर गेला. माझा बाप गेला तेव्हा मी इथं होते आणि त्याच्या तिरडीपुढं मला उभं राहता आलं नव्हतं. तेव्हापासून ज्याचं त्याचं प्रेत मला ओळखीचं वाटतं.

मी दार उघडून खाली उतरले आणि बूट-मोजे काढून ठेवले. मार्चचा रस्ता बर्फासारखा गार होता. साडीच्या वर कोट घातलेला, अनवाणी, मी गाडीला लागून हात जोडून उभी राहिले.

"आई! काय करतेस? आत बस!" प्रताप आतून ओरडला.

"कोण तरी गेलंय रे बाबा. जाऊ दे की त्याला. चांगला शकुन आहे."

मला वाटलं, अजून ओरडेल. पण त्याच्या तोंडचं रक्तच गेलं. पिशवीवर कपाळ टेकून, वाकून बसला. मी म्हटलं, लाजला पोरगा. मागं गाड्या कर्णे वाजवायला लागल्या होत्या. एक लाल गाडी माझ्या गाडीच्या बुडाशी किंचाळत थांबली आणि तिच्यातला माणूस खिडकीतून डोकं काढून काहीबाही बोलला. मी हात सोडले नाहीत. शेवटची गाडी गेली, तेव्हा बसायला वळले.

पण प्रेतयात्रेच्या शेपटाला आणखी एक पोलीस होता. त्यानं फटफटी वळवली.

पोरसवदा होता. हेल्मेट काढून त्यानं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.

"गाडी बंद पडली का, मॅडम?"

"नाही."

"तब्येत?"

"बरी आहे."

"मग भर रस्त्यात का थांबलात?"

मी काळी गाडी गेली त्या दिशेला बोट केलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माणूस मेला. मी थांबले."

तो म्हणाला, "ती लाल गाडी वेळेवर थांबली नसती तर आज तिकडं दोन गाड्या गेल्या असत्या. एक तुमची." आणि तिकीट लिहायला लागला. प्रताप तोवर खाली उतरून त्याला सांगत होता, की आज मुलाखत आहे, आई वयस्कर आहे, सोडून द्या. पोलिसानं मान हलवली, पण लेखणी थांबवली नाही. कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाहतूक अडवल्याचं आहे. मान्य असेल तर दंड भरा, नाहीतर तारखेला कोर्टात या. आणि बूट घाला, मॅडम. पाय गारठतील."

तिथून कचेरी जवळच होती. गाडी लावली, इंजिन बंद केलं, तेव्हा प्रताप म्हणाला,

"तू आत एकच सांगायचं."

"काय?"

"तिकीट. एक. अर्जात लिहिलंय तसं."

"आणि हे?" माझ्या पर्समधून त्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं.

"हे त्यांच्या यंत्रात चढायला दिवस लागतात. आत्ता त्या ऑफिसरला काही दिसणार नाही. ते विचारतील, अर्ज केल्यापासून काही बदल? तू म्हणायचं, नाही."

"शपथ देतात म्हणालास ना आधी? खरं बोलीन अशी?"

"आई, अर्ज केला तेव्हा एकच होतं की नाही? मग एक म्हणालीस तर ते खोटं कसं?"

"लपवलं तर बिघडतं म्हणणारा तूच."

"ते वेगळं होतं!" त्यानं हातानं कपाळ दाबलं. "हे चालू प्रकरण आहे. अजून निकाल नाही. निकाल नाही म्हटल्यावर ते तुझी फाईल बाजूला ठेवतील. आणि आज या कचेरीत ज्यांची मुलाखत होते त्यांना दुपारीच शपथ देतायत. आज झालं तर झालं. नाहीतर किती महिने, कुणास ठाऊक."

ही शपथ म्हणजे शेवटची पायरी. ती झाली की माणूस नागरिक. हिरवं कार्ड ते तिथंच काढून घेतात आणि एक मोठा कागद देतात. मग त्या कागदावर पासपोर्ट काढायचा. हे सगळं त्यानंच मला समजावलं होतं.

"दुपारी शपथ," मी म्हणाले. "मग पंधरा दिवसांत पासपोर्ट. आणि मी आयकडं."

त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. "हं."

"तुलाच एवढी घाई का झालीय रे प्रताप? सकाळपासून बघते मी."

"घाई तुलाच होती ना," तो म्हणाला. "निदान हे तरी होऊ दे."

'निदान' म्हणजे काय, असं मी विचारायला हवं होतं. पण दारावरचा माणूस पिशव्या तपासायला बोलावत होता आणि माझं लक्ष माझ्या पर्समध्ये होतं.

आत त्याला येता आलं नाही. बाहेरच्या खुर्च्यांवर तो बसला. माझं नाव पुकारलं ते मला आधी कळलंच नाही. आक्काताईचं त्यांनी काहीतरी भलतंच केलं होतं. गोल चष्म्याची, माझ्याच वयाची एक बाई मला खोलीत घेऊन गेली. टेबल, संगणक, भिंतीवर झेंडा. मला उभं करून तिनं उजवा हात वर करायला सांगितला. खरं बोलेन, असं वदवून घेतलं.

वाचायचं वाक्य सोपं आलं. लिहायचं वाक्य मी तिरपं लिहिलं, पण लिहिलं. देशाच्या इतिहासाचे प्रश्न विचारले, त्यातला एक चुकला. बाई हसून म्हणाली, "छान." मग तिनं माझा अर्ज उलटायला सुरुवात केली. नाव, पत्ता, मुलं. दारू पिता का? जुगार? मी हसले, तीही हसली.

"पोलिसांनी कधी अटक केली?"

"नाही."

"कधी दंडाचं तिकीट?"

माझ्या जिभेवर 'एक' होतं. दोन महिने घोकलेला शब्द. तो तोंडात तयार होता आणि पलीकडं माझी आय होती. एक म्हटलं, की दुपारी शपथ. दोन म्हटलं, तर काय होईल ते देवाला ठाऊक. आयला किती दिवस उरलेत तेही त्यालाच ठाऊक. मी बाईच्या तोंडाकडं बघितलं. ती काही संशयानं बघत नव्हती. अर्जावर एका तिकिटाची नोंद होतीच. तिला फक्त खूण करायची होती. तिची लेखणी कागदाला टेकलेली होती.

"मॅडम? प्रश्न समजला का?"

"समजला," मी म्हणाले. "दोन."

तिनं लेखणी उचलली. "इथं एक लिहिलंय."

"तेव्हा एक. आज दोन." मी पर्समधून तो कागद काढून टेबलावर ठेवला. माझ्याच हाताच्या घामानं तो ओला झाला होता.

बाईनं तो वाचला. तारीख बघितली. मग पुन्हा वाचला.

"हे आज सकाळचं आहे."

"हो. इकडं येताना."

"का थांबलात?"

"कुणी मेलं होतं. गाडी चालली होती, काळी. लांब. आमच्यात थांबतात."

"तुमच्या ओळखीचं होतं कुणी?"

"नाही."

"मग?"

माझ्यापाशी इंग्रजी तेवढं नव्हतं. मी म्हणाले, "ओळख लागत नाही. बूट काढायचे, हात असे." मी हात जोडून दाखवले. "त्याला वाट द्यायची. तो घरी चाललाय."

बाई माझ्याकडं बघत राहिली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा घातला, आणि तिकीट घेऊन बाहेर गेली. म्हणाली, "बसा, मी विचारून येते."

मी बसले. ती बराच वेळ आली नाही. बाहेरून कुणाच्या तरी टाळ्या ऐकू आल्या. कुणाचं तरी काम झालं असावं. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. पोराचं ऐकलं असतं तर? एवढासा शब्द. आय म्हणाली असती, "आक्के, मेलेल्यासाठी थांबलीस आणि जित्या आयला थांबवलंस व्हय गं?" तिला असं टोचून बोलायची सवयच होती. मी पदरानं घाम पुसला. पाय अजून गार होते.

बाई आली. बसली. सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द वेगळा बोलली.

"हे तिकीट बारीक आहे. यानं तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही. तुमची परीक्षा झाली, तुम्ही पास आहात. पण हे प्रकरण उघडं असताना मी आज फाईल बंद करू शकत नाही. दंड भरा, कोर्टाचा कागद आणून द्या. मग शपथेची तारीख पाठवू."

"आज नाही?"

"आज नाही."

"महिना?"

"महिना. कदाचित जास्त."

तिनं माझं हिरवं कार्ड, जे आल्या आल्या घेऊन टेबलावर ठेवलं होतं, ते माझ्याकडं सरकवलं. "हे जपून ठेवा. शपथेच्या दिवशी आम्ही परत घेऊ." मग मी दारापाशी पोचल्यावर म्हणाली, "मिसेस मगदूम. माझे वडील गेले तेव्हा रस्त्यात कुणी थांबलं नव्हतं."

बाहेर आले तर प्रताप उभाच होता. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, "दुपारी किती वाजता शपथ?"

"शपथ नाही."

"म्हणजे?"

"दोन म्हणाले मी."

त्यानं डोळे मिटले.

"रागावू नकोस रे. जीभच वळली नाही. परीक्षा पास झाले. दंड भरायचा, मग बोलावणार. महिना म्हणाली." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आय थांबंल. लई चिवट आहे ती. मला धुवून-पुसून घेतल्याशिवाय जायची नाही. हे बघ, कार्ड पण परत दिलंय."

त्यानं डोळे उघडले आणि माझ्या हातातल्या कार्डाकडं बघितलं. कार्ड घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. आणि मग माझा साडेपाच फुटी, दोन लेकरांचा बाप झालेला पोरगा त्या कचेरीच्या पायरीवर खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

"प्रताप! अरे, महिन्यानं होईल की रे. रडतोस काय?"

"डोक्यातच आलं नाही माझ्या," तो म्हणत होता. "आज शपथ झाली असती तर हे घेतलं असतं त्यांनी. कार्ड गेलं असतं, पासपोर्ट आला नसता. तुला विमानात कुणी बसू दिलं नसतं. नेत्रानं रात्रीच्या विमानाची तिकिटं काढलीत आणि माझ्या डोक्यातच आलं नाही, आई."

"रात्रीच्या? कुठल्या विमानाची?"

त्यानं कार्ड माझ्या हातात परत ठेवलं.

देव्हाऱ्यातला दिवा. न लागलेलं दही. मांडीखालचा फोन. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"कधी?" मी विचारलं.

"पहाटे मामाचा फोन आला."

"आणि तू मला इथं आणलंस."

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसते आले," मी म्हणाले.

लोक आमच्या बाजूनं चढत-उतरत होते. एका बाईनं आम्हाला रडताना बघून लांबूनच अंगठा वर केला. तिला वाटलं, आनंदानं रडतायत. थोड्या वेळानं मी उठले आणि हात पुढं केला.

"किल्ली दे. तुझ्यानं चालवणं व्हायचं नाही."

घरी पोचलो तेव्हा नेत्रा दारातच उभी होती. आत न्हाणीघरात तिनं माझ्यासाठी कढत पाण्याची बादली भरून ठेवली होती. त्या घरात बादली नव्हतीच कधी. शेजारणीकडनं मागून आणली होती. मी डोक्यावरून पाणी घेतलं.

रात्री मी आणि प्रताप निघालो. तिसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो. तातोबानं रक्षा सावडायची माझ्यासाठी थांबवली होती. आयची हाडं मी माझ्या हातानं वेचली आणि दुधानं धुतली. भावजय म्हणाली, "शेवटी धुतलंच न्हवं का तुम्ही."

तातोबा सांगत होता, की त्याच्या पोरी-जावई यायची वाट बघण्यात वेळ गेला आणि दिवेलागणीला अग्नी दिला. प्रतापनं बोटांवर तास मोजले: गावची दिवेलागण म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजून गेलेले. माझ्याकडं बघितलं आणि बोटं मिटली.

दंड मी परत आल्यावर भरला. शपथ जूनमध्ये झाली. अमेरिकेच्या निळ्या पासपोर्टवर मी पहिल्यांदा गावाला गेले ते आयच्या वर्षश्राद्धाला, आणि तिथं सात महिने राहिले. कुणी अडवलं नाही.

माझी आय, सोनाबाई बापू खोत, त्या वर्षी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तिकडच्या दुपारी वारली.